पवनऊर्जा : जमेची बाजू आणि खर्चाची बाजू

सातारा शहराहून सज्जनगडाच्या पायथ्याशी जाऊन पुढे ठोसेघरकडे वळणारा रस्ता चढत चढत चाळकेवाडीच्या पठारावर येतो, तेव्हा प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात त्या पवनचक्क्यांच्या रांगा. पुढे पाटण तालुक्यातील वनकुसवडेच्या पठारापर्यंत त्या पसरलेल्या आहेत. हा सारा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीचा. खाली जांभ्या दगडाचा उघडा सडा, वर मातीचा पातळ थर आणि पश्चिमेला कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडून थेट चढून येणारा वारा. आषाढ-श्रावणात या सड्यावर माणसाला पाय रोवून उभे राहणे कठीण जाते. घरावरची कौले उडविणारा आणि नाचणीचे उभे पीक आडवे करणारा हा वारा पिढ्यान्‌पिढ्या उपद्रव म्हणूनच ओळखला गेला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र हाच उपद्रव संपत्ती ठरला आहे.

ही संपत्ती कोणाची, तिचा लाभ कोणाला आणि तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न आज केवळ साताऱ्याचे राहिलेले नाहीत. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल, सांगली जिल्ह्याच्या कवठे महांकाळ तालुक्यातील ढालगाव, तसेच मराठवाड्यातील काही माळराने येथेही पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. गावोगावच्या ग्रामपंचायतींसमोर ना-हरकत ठरावासाठी प्रस्ताव येत आहेत. अशा वेळी ‘वारा फुकट आहे, म्हणून वीजही फुकट’ ही समजूत जितकी चुकीची, तितकीच ‘पवनचक्की आली की गाव बुडाले’ ही भीतीही चुकीची. दोन्ही बाजू नीट मांडून हिशेब करणे, हेच शहाणपणाचे होय.

वाऱ्यातून वीज कशी मिळते

वाऱ्याने चक्र फिरविण्याची कल्पना फार जुनी आहे. दळण आणि पाणी उपसणे यांसाठी तिचा उपयोग अनेक देशांत शतकानुशतके होत आला. विजेसाठी तिचा वापर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये आणि डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये वाऱ्यापासून वीज निर्माण करून दाखविली. आज त्याच डेन्मार्कमध्ये देशाच्या एकूण विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते.

पवनचक्कीची रचना समजण्यास अवघड नाही. उंच मनोऱ्याच्या माथ्यावर एक पेटी असते. तिच्या तोंडाशी तीन पाती बसविलेले चक्र असते. वाऱ्याने पाती फिरतात, त्यांच्याबरोबर आस फिरतो आणि पेटीतील जनित्रात वीज तयार होते. ती तारांनी खाली उतरते, मनोऱ्याजवळच्या रोहित्रात तिचा दाब वाढविला जातो आणि मग ती उपकेंद्राकडे रवाना होते.

यात दोन नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला नियम चक्राच्या आकाराचा. चक्राचा व्यास दुप्पट केला तर त्याच्या कवेत येणारे वाऱ्याचे क्षेत्र चौपट होते. म्हणूनच पवनचक्क्या वर्षागणिक मोठ्या होत गेल्या. दुसरा नियम वाऱ्याच्या वेगाचा, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर आठपट होते. सेकंदाला चार मीटर वेगाच्या वाऱ्यात एका चौरस मीटरमागे सुमारे ३९ वॅट शक्ती असते; वेग आठ मीटर झाला की तीच ३१३ वॅटपर्यंत जाते. उलट, वेग केवळ दहा टक्क्यांनी घटला तरी शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरते. एखादे ठिकाण पवनचक्कीस योग्य आणि त्याच्या शेजारचीच टेकडी अयोग्य का ठरते, याचे उत्तर या नियमात आहे. म्हणून प्रकल्प उभारण्यापूर्वी मनोरा उभा करून त्या जागी वाऱ्याची प्रत्यक्ष मोजणी करणे आवश्यक असते. चेन्नई येथे १९९८ मध्ये स्थापन झालेली आणि आज राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय संस्था वाऱ्याच्या या अभ्यासाचे काम करते.

वाऱ्यातील सर्वच शक्ती काढून घेता येत नाही. सगळी काढून घेतली तर वारा चक्रामागे थांबून राहील आणि पुढच्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये ही मर्यादा ५९.३ टक्के असल्याचे दाखविले. शिवाय साधारणपणे सेकंदाला तीन मीटरपेक्षा वारा कमी असेल तर चक्की वीज देत नाही आणि पंचवीस मीटरच्या पुढे गेला तर सुरक्षिततेसाठी ती आपोआप थांबविली जाते. त्यामुळे ‘एक मेगावॅट क्षमतेची चक्की’ याचा अर्थ ती वर्षभर, अहोरात्र एक मेगावॅट वीज देते असा नव्हे. जुन्या चक्क्यांची प्रत्यक्ष निर्मिती क्षमतेच्या पंधरा ते वीस टक्के असे; चांगल्या जागी उभ्या असलेल्या नव्या उंच चक्क्यांची ती तीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. वर्तमानपत्रातील मोठमोठे आकडे वाचताना स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतील हा फरक ध्यानात ठेवावयास हवा.

महाराष्ट्रातील वाटचाल

आपल्या देशात १९७० नंतरच्या दशकातील तेलटंचाईने पर्यायी ऊर्जेकडे लक्ष वेधले. केंद्र शासनाने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९८६ च्या सुमारास गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांच्या किनाऱ्यांवर ५५ किलोवॅट क्षमतेच्या चक्क्या प्रात्यक्षिकादाखल उभारण्यात आल्या. आपल्याकडे त्यांचा मान कोकण किनाऱ्याला मिळाला. राज्यात या कामासाठी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच ‘महाऊर्जा’, ही संस्था पुण्यात कार्यरत झाली.

खरी वाढ झाली ती नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात, साताऱ्याच्या पठारांवर. तिला वाऱ्याइतकाच करसवलतींचाही हातभार होता. पवनचक्कीवर केलेल्या खर्चाचा पूर्ण घसारा पहिल्याच वर्षी मिळण्याची सोय त्या काळी होती. त्यामुळे विजेशी संबंध नसलेल्या अनेक उद्योगांनी कर वाचविण्यासाठी चक्क्या घेतल्या. या सवलतीने उद्योगाला बाळसे आले, हे मान्य करावयास हवे. परंतु चक्की उभी केली की लाभ पदरात पडत असल्याने, ती पुढे किती वीज देते याकडे काही मालकांचे लक्ष राहिले नाही, हेही खरे. पुढे घसाऱ्याची सवलत टप्प्याटप्प्याने कमी झाली, निर्माण केलेल्या प्रत्येक युनिटमागे प्रोत्साहन देण्याची योजना २००९ मध्ये आली आणि २०१७ पासून स्पर्धात्मक लिलावाची पद्धत सुरू झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत झालेल्या पहिल्या लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैसे इतका खाली आला, आणि वर्ष संपण्यापूर्वी गुजरातेतील लिलावात तो २ रुपये ४३ पैशांवर उतरला.

मार्च २०२५ अखेर देशातील पवनविजेची स्थापित क्षमता सुमारे ५० हजार मेगावॅट झाली. गुजरात, तमिळनाडू आणि कर्नाटक यांच्यापाठोपाठ महाराष्ट्राचा क्रम लागतो. राज्याची क्षमता पाच हजार मेगावॅटच्या वर आहे.

जमेची बाजू

पवनऊर्जेचा पहिला लाभ उघड आहे. तिला इंधन लागत नाही. एक मेगावॅटची चक्की क्षमतेच्या वीस टक्के चालली, तरी वर्षाला सुमारे साडेसतरा लाख युनिट वीज देते. तेवढी वीज औष्णिक केंद्रात करावयाची तर अंदाजे बाराशे टन कोळसा जाळावा लागेल. हा कोळसा खणणे, रेल्वेने आणणे, त्याचा धूर आणि राख यांची सोय लावणे हे सारे त्यामुळे टळते. कोराडी, चंद्रपूर किंवा परळी येथील राखेचे प्रश्न ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

दुसरा लाभ पाण्याचा. आपल्या राज्याच्या दृष्टीने तो पहिल्याइतकाच मोठा आहे. औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे किती पाणी वापरावे, याची मर्यादा केंद्र शासनाने २०१५ मध्ये ठरवून दिली. जुन्या केंद्रांसाठी ती साडेतीन लिटर आहे. त्याच २०१५ साली मराठवाड्यातील दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. पवनचक्कीला वीज करण्यासाठी पाण्याचा थेंबही लागत नाही. जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरा लाभ जमिनीचा. चक्क्या एकमेकींपासून दूर उभ्या कराव्या लागतात, कारण एकीच्या मागे वारा मंदावतो आणि घुसळला जातो. त्यामुळे प्रकल्पाचे क्षेत्र विस्तृत दिसले तरी मनोऱ्याचा पाया आणि रोहित्राचा ओटा काही गुंठ्यांत मावतो. मधल्या जागेत शेती, चराई चालू राहू शकते. धरणाप्रमाणे गावे उठवावी लागत नाहीत. चक्की बनविताना आणि उभारताना जी ऊर्जा खर्ची पडते, ती चक्की साधारणपणे वर्षभराच्या आत-बाहेर परत मिळवून देते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे चालते.

चौथा लाभ सौरऊर्जेशी असलेल्या जोडीचा. पावसाळ्यात आकाश ढगाळ असते, तेव्हा सौर विजेची निर्मिती घटते. नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. सूर्य मावळल्यावर सौरपट्ट्या निष्क्रिय होतात, वारा मात्र संध्याकाळी व रात्रीही वाहतो. दोन्हींचे एकत्रित प्रकल्प व्हावेत यासाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये स्वतंत्र धोरण जाहीर केले, ते याच कारणाने.

वारा आपल्या सोयीने वाहत नाही

आता खर्चाची बाजू. पवनऊर्जेची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे तिचा लहरीपणा. महाराष्ट्रात वर्षभराच्या पवनविजेपैकी निम्म्याहून बराच अधिक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळतो. याच काळात पाऊस झाल्यामुळे शेतीपंप थांबलेले असतात आणि विजेची मागणी उतरलेली असते. उलट रब्बीचे पाणी आणि मार्च-एप्रिलचा उन्हाळा या काळात मागणी वाढते, तेव्हा वारा मंद असतो. शिवाय एकाच दिवसात, कधी तासाभरातही, निर्मिती खालीवर होते. विजेच्या जाळ्यात मागणी आणि पुरवठा यांचा तोल क्षणोक्षणी राखावा लागतो. तो राखण्यासाठी अन्य केंद्रे तयारीत ठेवावी लागतात आणि त्याचा खर्च शेवटी ग्राहकाच्याच देयकात येतो.

या दृष्टीने वनकुसवडेचे पठार आणि त्याच्या पायथ्याचा शिवसागर यांचे शेजार मोठे बोलके आहे. वारा साठविता येत नाही. कोयनेचे पाणी साठविता येते. सुमारे १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प मागणी वाढताच काही मिनिटांत वीज देऊ शकतो आणि ती घटताच थांबू शकतो. वारा असेल तेव्हा पाणी राखावे आणि वारा पडेल तेव्हा ते सोडावे, असा मेळ तत्त्वतः उत्तम आहे. डेन्मार्क आपल्या वाऱ्याचा तोल नॉर्वेच्या जलविद्युत केंद्रांच्या आधारे अशाच प्रकारे सांभाळतो. मात्र कोयनेचे पाणी केवळ विजेसाठी नाही. पश्चिमेकडे किती पाणी वळवावे यावर कृष्णा पाणी तंटा लवादाची मर्यादा आहे आणि पूर्वेकडे सिंचनाची गरज आहे. म्हणून नवे उपाय लागतात. वीज मुबलक असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडावयाचे, ही उदंचन पद्धत घाटघर येथील २५० मेगावॅटच्या प्रकल्पात प्रत्यक्ष चालते. सह्याद्रीच्या उतारांवर अशा प्रकल्पांना वाव आहे. परंतु त्यांनाही जमीन, जंगल आणि पैसा लागतो, हे विसरता येणार नाही.

सडा, ससाणे आणि सरडे

पवनऊर्जा धूर सोडत नाही, म्हणून ती निसर्गाला सर्वस्वी निरुपद्रवी आहे असा समज रूढ झाला. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली, त्यांच्या यादीत पवनचक्क्या नाहीत, यामागेही हीच धारणा आहे. या धारणेला पहिला गंभीर प्रश्न विचारला गेला तो चाळकेवाडीच्याच पठारावर.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या पठारावरील चक्क्या असलेल्या व नसलेल्या भागांची तुलना केली आणि आपले निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण चक्क्यांच्या भागापेक्षा जवळजवळ चौपट आढळले. या पठारावर गळ्याखाली निळी, काळी, केशरी अशी झालर फुलविणारा एक सरडा आहे. त्याच्या जातीचे शास्त्रीय नाव २०१६ मध्ये ठरविताना आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द घेण्यात आला: ‘सरडा सुपर्बा’. ससाणे आणि घारी दूर गेल्यामुळे चक्क्यांच्या भागात या सरड्यांची संख्या वाढली. त्यांच्या अंगातील भीतीची लक्षणे कमी झाली आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनासे झाले. पण गर्दी वाढल्यामुळे ते कृशही झाले आणि नरांच्या झालरीचे रंग फिके पडले. वरचा एक दुवा ढिला झाला की खालची सारी साखळी कशी हलते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना अन्नसाखळीचा धडा शिकविताना ते निश्चितच उपयोगी पडेल.

चक्कीइतकाच धोका तिच्या तारांचा असतो. राजस्थान व गुजरातेतील माळढोक पक्ष्यांचे विजेच्या तारांना धडकून मृत्यू होत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. पुढे २०२४ मध्ये त्यात बदल करून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. स्वच्छ वीज हवी आणि दुर्मीळ पक्षीही वाचावा, या दोन रास्त गोष्टींत तडजोड किती अवघड असते, ते या प्रकरणावरून दिसते.

सड्याची स्वतःची रचनाही नाजूक आहे. जांभ्यावरील मातीच्या पातळ थरात पावसाळ्यात अनेक दुर्मीळ वनस्पती उगवतात. अवजड पाती आणि मनोरे वर नेण्यासाठी रुंद रस्ते कापावे लागतात. त्यांनी पाण्याच्या नैसर्गिक वाटा बदलतात, माती वाहून जाते आणि खालच्या वाडीचा झरा आटण्याचीही शक्यता असते. रस्त्याचा आराखडा काळजीपूर्वक केला तर ही हानी बरीच टळते. पण तो आराखडा पाहण्याची तसदी गावाने आधी घ्यावयास हवी.

जमीन आणि मोबदला

अनेक गावांचा एक भ्रमनिरास ठरलेला असतो. डोंगरावर चक्क्या फिरतात, म्हणजे आपल्या घरचा दिवा आता विझणार नाही, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ही वीज उच्चदाब वाहिनीने उपकेंद्रात जाते आणि राज्याच्या जाळ्यात मिसळते. गावाला पुरवठा होतो तो नेहमीच्याच वाहिनीने आणि नेहमीच्याच दराने. रोजगाराचेही तसेच आहे. उभारणीच्या काळात मजूर, वाहने, खाणावळी यांना काम मिळते. त्यानंतर उरतात ते थोडे तंत्रज्ञ आणि पहारेकरी.

म्हणून गावाचा खरा लाभ जमिनीच्या व्यवहारात आणि पंचायतीच्या उत्पन्नात असतो, आणि तक्रारीही तेथेच असतात. पडीक समजून सड्यावरील जमिनी अल्प किमतीस विकल्या गेल्या आणि नंतर त्यांचे मोल कळले, अशी हळहळ ठिकठिकाणी ऐकू येते. मध्यस्थ एका दराने घेतो आणि दुसऱ्या दराने देतो. सामाईक सातबाऱ्यावरील एका भावाची सही घेतली जाते, दुसऱ्याला पत्ता नसतो. गायरान आणि वनजमीन यांचे प्रश्न तर अधिकच गुंतागुंतीचे. वनजमीन अन्य कामासाठी द्यावयाची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. ती जमीन आदिवासी कसत असतील, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दिलेले हक्क आधी निश्चित करणे बंधनकारक आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे.

व्यवहार उघडपणे आणि कागदावर झाला नाही, की पैशाभोवती गुंडगिरी जमते. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणाशी तिचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात मांडले. पंचायतीच्या कारभाऱ्यांनी या घटनेकडे केवळ एक गुन्हा म्हणून पाहू नये. मोठी गुंतवणूक गावात येते तेव्हा कायदेशीर, लेखी आणि सर्वांसमक्ष झालेला व्यवहार हेच गावाचे पहिले संरक्षण असते.

चक्क्या पाऊस पळवितात काय?

दुष्काळी तालुक्यांत एक समज वारंवार डोके वर काढतो. पवनचक्क्यांची पाती ढग पिटाळून लावतात आणि म्हणून पाऊस पडत नाही, असे सांगितले जाते. पीक डोळ्यांदेखत करपत असताना, समोरच्या डोंगरावर फिरणाऱ्या पात्यांकडे शेतकऱ्याने संशयाने पाहावे, यात नवल नाही. त्याची चेष्टा करून समज दूर होणार नाही. त्याला कारण सांगावयास हवे.

पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत आणि शेकडो किलोमीटर विस्ताराचे असतात. चक्कीच्या पात्याचे टोक जमिनीपासून शे-दोनशे मीटरच्या आतच राहते. मोसमी वाऱ्याच्या प्रचंड प्रवाहातून चक्क्या घेतात ती शक्ती त्या मानाने नगण्य असते. सर्वांत सोपा पुरावा आपल्या इतिहासातच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण व खटाव तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि पूर्वेकडचा प्रदेश पर्जन्यछायेत राहतो. १९७२ चा भीषण दुष्काळ पडला, तेव्हा या पठारांवर एकही वीजचक्की नव्हती.

आवाजाची तक्रार मात्र खोटी नव्हे. रात्रीच्या शांततेत पात्यांची घरघर जवळच्या वस्तीला त्रासदायक होते. उगवतीला व मावळतीला पात्यांची फिरती सावली घरांवर पडते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजाच्या दृष्टीने वस्तीपासून ५०० मीटर अंतर ठेवण्यास सांगितले आहे.

थकलेल्या चक्क्यांचे काय?

नव्वदीच्या दशकाअखेरच्या चक्क्या आता वयोवृद्ध झाल्या आहेत. त्या काळी दोन-साडेतीनशे किलोवॅटची चक्की मोठी मानली जाई. आज दोन-तीन हजार किलोवॅटची सर्रास बसविली जाते. राज्यातील उत्तमोत्तम वाऱ्याच्या जागा अशा रीतीने जुन्या, लहान यंत्रांनी अडविलेल्या आहेत. सहा-आठ जुन्या चक्क्या काढून त्यांच्या जागी एक नवी उभारली, तर वीज वाढेल आणि पठारावरील मनोऱ्यांची दाटी कमी होईल. यासाठी केंद्राने २०१६ मध्ये धोरण आखले आणि २०२३ मध्ये ते सुधारले. तथापि लहान लहान चक्क्यांचे मालक अनेक, त्यांचे वीजविक्रीचे करार वेगवेगळे आणि जमिनीचे कागद जुने. त्यामुळे हे काम सोपे नाही.

मनोऱ्याचे पोलाद भंगारात विकले जाते. पाती मात्र काचतंतू आणि राळ यांची असतात. ती वितळत नाहीत, कुजत नाहीत. आयुष्य संपल्यावर ती कोणी न्यावयाची, हे करारात लिहिलेले नसेल, तर उद्या ती सड्यावरच पडून राहतील.

ग्रामसभेने विचारावयाचे प्रश्न

ना-हरकत ठराव मंजूर करण्यापूर्वी ग्रामसभेने काही साध्या प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. चक्क्या, रस्ते आणि वाहिन्या नेमक्या कोणत्या गटांतून जाणार? वस्ती, शाळा आणि पाणवठे यांपासून त्यांचे अंतर किती? जमीन विकत हवी की भाडेपट्ट्याने, आणि भाडेपट्ट्याने असेल तर दर किती वर्षांनी वाढणार? गायरान व वनजमिनीवरील हक्कांची नोंद झाली आहे काय? पंचायतीला कर कोणत्या नियमाने व किती मिळणार, याविषयी गटविकास अधिकाऱ्यांचे लेखी मत घेतले आहे काय? जेसीबीने तोडलेल्या ताली, बांध आणि पाणंद रस्ते कोण दुरुस्त करून देणार? आयुष्य संपल्यावर चक्की कोण काढणार आणि त्यासाठी रक्कम कोठे ठेवली जाणार?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणाऱ्या प्रकल्पाला विरोध करण्याचे कारण नाही. ती देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याविषयी गावाला काय ते कळून येईल. संबंधित अधिकाऱ्यांनी ही माहिती मराठीत आणि ग्रामसभेपूर्वी पुरेशा अवकाशाने उपलब्ध करून द्यावी. शिक्षकांनी ती वाचून समजावून सांगावी. ठराव वाचून दाखवावा आणि मगच सह्या घ्याव्यात.

राज्याला वीज हवी आहे, आणि ती कोळसा व पाणी न जाळता मिळत असेल तर ती हवीच आहे. वाऱ्याचे वरदान सह्याद्रीला लाभले, ते नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु ज्या डोंगरवाडीने हा वारा पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतला, तिला वाऱ्यावर सोडून ही वीज मिळवावयाची नाही, एवढे भान नियोजनात राहिले पाहिजे. जमा आणि खर्च यांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर पवनऊर्जेचे पारडे जडच ठरेल. तो हिशेब ग्रामसभेच्या चावडीवर, सर्वांच्या समक्ष मांडला जावा, इतकेच.